टी फॉर टू, मुक्काम मनमाड

मोबाइल बंद करून आतल्या खिशात सारा. घरीच ठेवलात तर उत्तम, कारण जिथं निघालोय तिथं तो चुकून चमकला तर प्रकरण थेट रेल्वे पोलिसांकडे जाईल. स्वेटर चढवा, मफलर घ्या. आता डोळे मिटा. उघडा.

चोळू नका! कोळशाचा कण गेलाय, दुसरं काही नाही. रुमालाचं टोक ओलं करा आणि हलक्या हातानं टिपा. 1958 च्या डिसेंबरात मनमाड जंक्शनवर उतरणाऱ्याचं स्वागत असंच होतं. मुंबईपासून इगतपुरीपर्यंत गाडी विजेवर येते, तिथं इंजिन बदलतं आणि पुढचा सगळा रस्ता वाफेचा. म्हणून तर तुमच्या कॉलरला काळी कड आलीय आणि नाक शिंकरलंत तर रुमालाचं काही खरं नाही. समोर इंजिन उभं आहे, जरा जवळ जा. एका गालाला भट्टीची धग लागते, दुसऱ्याला मनमाडचं गार वारं. मधल्या मध्ये तुमचं नाक, आणि नाकात कोळसा, तेल, ओली गोणपाटं, कुणाच्या तरी डब्यातली लसणाची चटणी.

चहा घ्या. काचेचा ग्लास दोन्ही हातांत धरा, तेवढीच ऊब. पैसे देताना मात्र सांभाळून. नवे पैसे येऊन दीड वर्ष झालं तरी फलाट अजून आण्यातच बोलतो. एका आण्याचे सव्वासहा नवे पैसे होतात आणि पाव पैसा टांकसाळ पाडत नाही. तुम्ही सहा देणार, चहावाला सात मागणार, मागचा माणूस ‘अहो चला’ म्हणून ढकलणार. सात देऊन टाका. आपल्याला घाई आहे, कारण ज्यांच्यासाठी आलोय ती मंडळी मागच्या डब्यातून उतरतायत.

पाच जण आहेत. मुंबईचे, म्हणजे मूळ गोव्याचे आणि मुक्काम धोबीतलावच्या कुडीत. एकेका गावाची एकेक कूड, एकेका खोलीत भिंतीला लावलेल्या ट्रंकांची रांग, आणि ट्रंकेवर ठेवलेलं वाद्य. अंगात काळे सूट, कोपरं चकाकलेली. एकाच्या हातात ट्रम्पेटची पेटी, दुसऱ्याकडे सॅक्सोफोन, तिसरा ड्रमच्या गोल पेट्या उतरवतोय. चौथा ब्रेकव्हॅनपाशी उभा राहून हमालांना हात जोडतोय, कारण आतून त्याचा डबल बास निघतोय. माणसापेक्षा उंच, गोणपाटात शिवलेला. पाचव्याच्या हातात फक्त एक वही आहे. तो पियानोवाला. त्याचं वाद्य गावोगाव आधीच उभं असतं आणि बहुतेक गावात ते बिघडलेलं असतं.

तिकीट तपासनीस येतो.

“हे काय?”

“बास, साहेब.”

“कशाचा बास?”

“वाजवायचा.”

“वाजवायचं म्हणजे हातात धरायचं. हे कपाट आहे. लगेजची पावती कुठंय?”

पावती आहे, पण ती ट्रम्पेटवाल्याच्या कोटात आहे आणि ट्रम्पेटवाला चहाला गेलाय. हमाल मधूनमधून बासच्या पोटावर थाप मारून बघतात आणि आतून ‘धूम’ असा आवाज आला की एकमेकांकडे बघून हसतात. तेवढ्यात एक गृहस्थ मफलर सावरत पळत येतात. ट्रान्सशिपमेंटच्या शेडवरचे टॅली क्लार्क, आणि शिवाय इन्स्टिट्यूटच्या कमिटीवर. ते तपासनीसांच्या कानात काहीतरी सांगतात, मग तुमच्याकडे वळतात.

“पाहुणे ना? चला, पुलावरनं जाऊ. मास्तर, तुम्ही पण या. बास येईल मागनं.”

एक गोष्ट आत्ताच सांगून टाकतो. ही नेमकी रात्र कुठल्या दप्तरात शोधू नका, ती मी जुळवलीय. पण मोठ्या जंक्शनांवरच्या रेल्वे इन्स्टिट्यूटांत नाचाच्या रात्री होत, आणि गोव्याच्या वादकांचे ताफे गाडीनं तिथं जात, ते खरं. पियानोवाला ज्यांची नावं घेईल तीही खरी. त्याचं स्वतःचं नाव मात्र मी विचारलेलं नाही, तुम्हीही विचारू नका.

पुलावर थांबा क्षणभर. क्लार्कसाहेबांना आपली शेड दाखवल्याशिवाय चैन पडत नाही, आणि खरं सांगायचं तर बघण्यासारखीच आहे. या अंगाला मोठी लाइन, मुंबईची. त्या अंगाला छोटी लाइन, जी औरंगाबाद, जालना, परभणी करत हैदराबादेकडे जाते. दोन रुळांमधलं अंतर वेगळं, त्यामुळे या लायनीची वाघीण त्या लायनीवर चढू शकत नाही. मग मराठवाड्यातून आलेली कापसाची प्रत्येक गाठ, ज्वारीचं प्रत्येक पोतं इथं माणसाच्या पाठीवर बसून एका वाघिणीतून दुसरीत जातं. दिव्याच्या पिवळ्या उजेडात खाली बघा. हमाल पाठीला गोणपाट बांधून ओणवा होतो, दोघे जण हुकानं गाठ ओढून त्याच्या पाठीवर चढवतात, तो हुं करतो आणि फळीवरून तुरूतुरू चालत जातो. फळी वाकते, वर येते, वाकते. इतक्या थंडीत त्याच्या उघड्या दंडांवरून वाफ निघतेय. फळीच्या टोकाला एक पोरगा कंदील आणि वही घेऊन रेघा ओढतोय, चार उभ्या आणि पाचवी आडवी.

“माल तोच,” क्लार्कसाहेब म्हणतात, “वाघीण दुसरी. रात्रभर हेच.”

पियानोवाला कठड्यावर कोपरं टेकून बघत राहतो. त्याच्या उजव्या हाताची बोटं लोखंडावर हमालांच्या पावलांची लय धरतात. तुम्ही ते पाहिलंत, छान. पुढे कामाला येईल.

इन्स्टिट्यूटच्या दारात पोचेपर्यंत आवाज आधी येतो. बाहेर सायकलींची भिंत झालीय. आत पाऊल टाकलंत की चष्मा असेल तर धुकट होईल. बाहेर हुडहुडी आणि आत घाम. वर्कशॉपातले फोरमन, गार्ड, ड्रायव्हर, त्यांच्या बायका, मेव्हण्या, पासावर भुसावळ-इगतपुरीहून आलेले पाहुणे, आणि खुर्च्यांच्या मागच्या रांगेत संकोचून बसलेली आपली मराठी कुटुंबं. यांतल्या बायका पदर सावरून, नाचणाऱ्यांकडे बघायचं नाही असं ठरवून, सगळं बघतायत. डांबराच्या गोळ्यांचा वास सुटांना, टाल्कमचा वास मानांना, केसांना ब्रिलियंटाइन. एका टेबलावर नाताळचे कलकल आणि रोझ कुकी, मसाल्याचे पॅटिस, आणि पिवळ्या भाताचं भलंमोठं पातेलं. सगळ्यात छान वास त्या पातेल्याचा आहे, पण ते दहाशिवाय उघडणार नाही.

जमिनीवर पांढरं काय सांडलंय म्हणून बुटानं पुसू नका. ती बोरिक पावडर आहे, बूट सरकावेत म्हणून मुद्दाम टाकतात. पहिली पाच मिनिटं तुम्ही घसराल. सगळेच घसरतात.

आणि प्यायला? लिंबाचं सरबत, सोडा, रास्पबेरी. दारूबंदी आहे ना राज्यात. आता ड्रमवाला आपली सगळ्यात मोठी पेटी स्वतःच का उचलतोय, हमालाला हात का लावू देत नाही, आणि ती ठेवताना आतून किणकिण का येते, याची चौकशी करणं पाहुण्याला शोभत नाही.

पियानोपाशी चला. तुमची जागा तिथंच आहे, डाव्या बाजूला, स्टुलावर. विलायती उभा पियानो, दोन्ही बाजूंना मेणबत्त्यांसाठी पितळी हात, आता त्यांवर कुणाची तरी टोपी. पियानोवाला खालची फळी काढतो. आत पाण्याचं भांडं आहे, कोरडंठाक. मनमाडच्या हवेनं लाकूड तडकू नये म्हणून ठेवलेलं, आणि मनमाडातच पाणी भरायला कुणाला सुचणार! तो मान हलवतो, फळी लावतो, आणि डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत एकेक पट्टी दाबत जातो. वैद्यानं पोट तपासावं तसा. मधल्या सप्तकातल्या एका काळ्या पट्टीशी थांबतो. ती दाबली की शेजारचीही वाजते, दोन्ही एकदम, कचकन.

“खराब?” तुम्ही विचारता.

“नाय मरे. ठेवू या. लागेल.”

पहिले दोन तास कामाचे. फॉक्सट्रॉट, वॉल्ट्झ, पुन्हा फॉक्सट्रॉट. वादक घड्याळाकडे बघत वाजवतात, नाचणारे एकमेकांकडे. मागून एक पोरगा ओरडतो, “ईना मीना डीका!” आणि बँड एका क्षणात तिकडे वळतो, कारण ते त्यांच्या घरचंच आहे. यांतले दोघे दिवसा मुंबईच्या स्टुडिओंत सिनेमासाठी वाजवतात. क्लार्कसाहेबांची छाती फुगते. गाण्याचे संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे रामचंद्र चितळकर, पुणतांब्याचे. दौंडच्या लायनीला येवला, कोपरगाव आणि मग पुणतांबे. “आमच्या लायनीवरचा माणूस!” ते तीनदा सांगतात. पियानोवाला त्यात भर घालतो: ‘अलबेला’च्या वेळी त्यांच्या जोडीला चिक चॉकलेट होता, हळदोण्याचा आंतोनियु वाझ, ट्रम्पेट असा वाजवायचा की लोक त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत.

आता साडेदहा. पातेलं उघडलं, सगळे तिकडे धावले, फरशी मोकळी झाली. वादकही ताटं घेऊन बसलेत. पियानोवाला एकटाच बसलाय, ताट पियानोच्या डोक्यावर, एक घास खातो आणि एका हातानं वाजवतो. हीच ती वेळ. खुर्ची पुढे ओढा.

तो वाजवतोय ते ‘टी फॉर टू’. व्हिन्सेंट यूमन्सची चाल, ‘नो, नो, नॅनेट’ नावाच्या नाटकातली, 1925 ची. खाली-वर, खाली-वर असा दोन-तीन स्वरांचा झोका, शाळेतल्या पोरालाही बसेल इतकी साधी. तिची एकच खोडी आहे. पहिले आठ बार झाले की गाणं आपला मूळ सा उचलून चक्क गंधारावर नेऊन ठेवतं, तिथं तोच झोका घेतं, आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं परत खाली येतं. या एका खोडीमुळे जगभरचे वाजवणारे तिच्यामागे लागले. रशियात शोस्ताकोविचनं 1927 साली पैज मारून तासाभराच्या आत या चालीचा अख्खा ऑर्केस्ट्रा लिहून काढला होता. चहाच्या एका गाण्यावर इतका खटाटोप!

पियानोवाला हात पुसतो. “हे असं छापलंय,” म्हणतो आणि जसंच्या तसं वाजवतो. फुर्तादोच्या दुकानात मिळणाऱ्या कागदावर असतं तसं, नीटनेटकं, इस्त्रीचं. “आता टेडी.”

टेडी वेदरफर्ड. शिकागो गाजवून विसाच्या दशकात आशियात आलेला, शांघाय करून मुंबईला ताजमध्ये पियानोवर बसलेला, आणि 1945 साली कलकत्त्यात पटकीनं गेलेला. आपल्या पियानोवाल्यानं त्याला पोरवयात ऐकलंय, ताजच्या नोकरांच्या दाराशी उभं राहून. त्याच्या डाव्या हाताकडे बघा आता. करंगळी सगळ्यात खालच्या सुरावर पडते, धम्म. लगेच हात उडी मारून मधल्या कॉर्डवर, छक. धम्म, छक, धम्म, छक. दीड वीत पलीकडे जायचं, परत यायचं, आणि न बघता. उजवा हात वरती चाल गातोय आणि मध्येच शिंपडल्यासारखे सूर टाकतोय. फरशी हलते. ताटातला पॅटिस सरकतो. पिवळा भात खाणारी दोन डोकी वळून बघतात.

“टेडीचा पंजा मोठा,” तो म्हणतो. “हा सूर अन् तो सूर एकदम धरायचा.” आणि आपला हात पट्ट्यांवर ताणून दाखवतो. आठ पट्ट्या पुरतात, दहाव्यापाशी अंगठा लटपटतो. तुम्ही ठेवून बघा तुमचा हात. नाही ना पोचत? मग तो काय करतो बघा: खालचा सूर आधी टाकतो, पायाच्या पेडलनं तो धरून ठेवतो, आणि मग वरच्यावर झेप घेतो. कान फसतो. कानाला वाटतं पंजा मोठाच आहे.

मला विचाराल तर सगळी गंमत या फसवणुकीत आहे. दुसऱ्याच्या हातानं वाजवायचं म्हणजे त्याच्या ताना पाठ करायच्या, असं आपल्याला वाटतं. ताना पोपटही करेल. खरा प्रश्न असतो तो डावा हात कुठं पडतो, किती वेळ थांबतो आणि काय गाळतो.

“गार्नर,” तो म्हणतो, आणि डावा हात एकदम लहान होतो. उड्या बंद. चारही ठोक्यांवर एकाच जागी कॉर्ड, छक छक छक छक, गिटार छेडल्यासारखी. उजवा हात मात्र उशिरा येतो. इतका उशिरा की तुम्ही पुढे झुकता, आता चुकला, आता चुकला, आणि तो शेवटच्या क्षणी आत शिरतो. तुमचं शरीर नकळत मागेपुढे व्हायला लागलंय, लक्षात आलं का? एरॉल गार्नरला नोटेशन वाचता येत नसे, आणि बुटका असल्यामुळे तो टेलिफोनच्या डिरेक्टऱ्यांवर बसून वाजवत असे. इथं मनमाडात स्टुलावर रेल्वेचं टाइमटेबल ठेवलंय, आणि ते पुरेसं जाड आहे.

“नोटेशन नाय येत त्याला,” पियानोवाला हसतो. “आमचं उलटं.” त्याचं शिक्षण गोव्यात, चर्चच्या शाळेत. आधी सूर नावानं म्हणायचे, मग वाचायचे, चुकलं तर मेस्तची, म्हणजे मास्तरांची, छडी. कुठलाही कागद पुढे ठेवा, पहिल्या फटक्यात वाजवेल. पण गार्नरचं ते उशिरा येणं कुठल्याच कागदावर लिहिता येत नाही. ते रात्री कुडीत, सगळे झोपल्यावर, रेडिओला कान लावून मिळवायचं. व्हॉइस ऑफ अमेरिकेवर विलिस कोनोव्हर नावाचा माणूस धीम्या, स्वच्छ इंग्रजीत जाझ ऐकवतो. शॉर्टवेव्हवर आवाज समुद्रासारखा येतो आणि जातो. नेमका हवा तो तुकडा आला की लाट ओसरते. मग पुन्हा कधी लागेल त्याची वाट बघायची. तबकडी मिळाली तर तिच्या कडेला बोट टेकवून वेग कमी करायचा आणि एकेक सूर वहीत उतरवायचा. फलाटावर त्याच्या हातात होती ती वही हीच. बघा, पण तेलकट बोट लावू नका.

मग जॉर्ज शिअरिंग. दोन्ही हात एकमेकांना चिकटतात, बांधल्यासारखे. चाल वरच्या बोटात, तीच चाल एक सप्तक खाली डाव्या हातात, आणि मधल्या जागेत ठासून भरलेले सूर. सगळे एकदम हलतात. आवाज मखमली होतो. मागच्या रांगेतली एक काकू, जिनं आतापर्यंत फक्त पदर सावरलाय, शेजारणीला म्हणते, “हे बरं वाटतं कानाला.”

क्लार्कसाहेब ताट घेऊन कधीचे येऊन उभे आहेत. त्यांच्या डोक्यात काहीतरी जुळतंय.

“मास्तर, हे तर आमच्या शेडवरचं काम झालं. माल तोच, वाघीण दुसरी.”

पियानोवाला वाजवता वाजवता विचार करतो. “बरोबर. पण साहेब, तुमची गाठ तिकडे गेली तरी वजन तेवढंच राहतं. इथं वजन बदलतं.”

“मग टॅली कशी लागणार?”

“नाय लागत. तीच मजा.”

क्लार्कसाहेबांना हे पटलेलं नाही. टॅली न लागणं हा त्यांच्या दृष्टीनं गुन्हा आहे. ते घास घेतात आणि वर्मावर बोट ठेवतात: “मग तुमचा स्वतःचा हात कुठला?”

“ज्याचा पगार येतो त्याचा!”

सगळे हसतात, तुम्हीही हसा. पण हे उत्तर तसं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. सकाळी सिनेमाचं रेकॉर्डिंग, संध्याकाळी हॉटेल, शनिवारी लग्न, नाताळात रेल्वेचा नाच. संगीतकार म्हणेल तसं, मॅनेजर म्हणेल तसं, नवरीचा बाप म्हणेल तसं. पडद्यावर याचं नाव येत नाही. आपला म्हणून जो हात असेल तो वापरायला त्याला आठवड्यात जेवणाची ही अर्धी घटका मिळते, आणि तीसुद्धा तो दुसऱ्यांचे हात वापरून बघण्यात घालवतो. याच वर्षी डेव्ह ब्रूबेक मुंबईत येऊन गेला. हलीम जाफर खानांच्या सतारीबरोबर बसून वाजवलं त्यानं. डिझी साल नावाचा एक तरुण पियानोवाला त्याला इतका आवडला की त्याच्या अमेरिकेतल्या शिक्षणाची व्यवस्था होतेय, बॉस्टनला, बर्कलीत. हे सांगताना आपल्या माणसाच्या आवाजात असूया आहे का, ते बघा. मला तर कौतुकच दिसतं, थोडं आंबट.

“टेटम,” तुम्ही धीर करून म्हणता. कुठून तरी नाव ऐकलंय तुम्ही.

तो थांबतो. ताट उचलून खाली ठेवतो. दोन्ही हात मांडीवर घासतो. आर्ट टेटमला जाऊन दोन वर्षं झालीत. एका डोळ्यानं आंधळा, दुसऱ्यानं जेमतेम दिसणारा, आणि 1933 साली त्यानं याच ‘टी फॉर टू’ची तबकडी अशी काही वाजवली की ऐकणाऱ्यांना दोन माणसं वाजवतायत असं वाटे. सुरुवात ठेक्याशिवाय. चाल हवेत लोंबकळत ठेवलेली, तिच्याखाली कॉर्ड बदलतायत, एकातून दुसरी, दुसरीतून भलतीच, आणि तुम्हाला वाटतं आता हा घरी कसा येणार. मग वरून खालपर्यंत सुरांचा एक लोंढा कोसळतो, पट्टीन् पट्टी न्हाऊन निघते, आणि लोंढा थांबतो तो बरोब्बर ठेक्यावर. कपाळावरचा घामाचा थेंब पट्टीवर पडलेला तुम्हाला दिसतो. दुसऱ्या लोंढ्यात दोन बोटं अडखळतात. तिसऱ्यात तो एक वळण सरळ गाळतो आणि हसून तुमच्याकडे बघतो. टेटमची वाघीण या रुळावरून सबंध जात नाही. तरी जितकी गेली तितकी पाहायला जेवणारे उठून आलेत. ताटं हातात, घास तोंडात.

एवढ्यात इन्स्टिट्यूटचे सेक्रेटरी येतात. जेवणं झालीत, तरुण मंडळी नाचायला उभी आहेत आणि या असल्या वाजवण्यावर कुणाचा पाय कसा पडावा?

“एकच मिनिट, साहेब,” आणि तो ती बिघडलेली काळी पट्टी दाबतो. कच! मघाशी ठेवून दिलेली. आता कळलं कशासाठी? थिलोनियस मंकसाठी. मंकला शेजारशेजारचे दोन सूर एकदम दाबून करकर काढायला आवडतं, आणि मनमाडचा पियानो ते एका बोटात, फुकट देतोय. मंकनंही ‘टी फॉर टू’ वाजवलंय, नुकतंच, 1956 मध्ये. बोटं सपाट, चाल ठेचकाळत, मध्येच थांबून, जणू चहा ओतता ओतता किटली धरलेला माणूस विचारात पडलाय. कच! एक पोर खुदकन हसतं. पुन्हा कच! आता सगळी पोरं त्या आवाजाची वाट बघतायत. सेक्रेटरींचा चेहरा मात्र गंधाराऐवजी निषादावर गेलाय.

“चा-चा!” भुसावळच्या टोळक्यातून आरोळी येते. “टी फॉर टू चा-चा!”

आलीच ती. टॉमी डॉर्सीच्या ऑर्केस्ट्राची या वर्षीची तबकडी, वॉरन कॉव्हिंग्टननं केलेली. डॉर्सी स्वतः 1956 लाच गेला, पण पाटीवर नाव त्याचंच. जगभर पोचली तशी भुसावळलाही पोचलीय, कुणाच्या मामेभावानं आणून. ड्रमवाला शेवटचा घास गिळत धावत येतो, बासवाला तारा खाजवतो, ट्रम्पेटवाला ओठ पुसतो. पियानोवाला डोळा मारतो आणि चा-चाचा ठेका धरतो, त्यात डावा हात टेडीचा घालतो, उजवा गार्नरचा, आणि ‘चा-चा-चा’च्या जागेवर, तिन्ही वेळा, मंकची ती पट्टी. कच-कच-कच! टोळकं वेडं होतं. पावडर उडते, दिव्याखाली पांढरा धुरळा दिसायला लागतो. मागच्या रांगेतली काकू टाळ्या वाजवतेय आणि नवरा तिच्याकडे बघतोय.

तुम्ही स्टुलावर सुरक्षित आहात असं समजू नका. फुलाफुलांच्या झग्यातली एक धिप्पाड आंटी तुमच्याकडेच येतेय. दंडाला पावडर, श्वासाला त्या ड्रमच्या पेटीतल्या मालाचा मंद वास, हातात तुमचं मनगट. आता सुटका नाही.

“कम ऑन, डोन्ट बी शाय! वन, टू, चा-चा-चा!”

उजवा पाय मागे. अहो उजवा, तो डावा झाला! डावा पुढे, आता तीन छोटी पावलं, बूट घसरतोय, घसरू द्या, तिनं धरलंय तुम्हाला. क्लार्कसाहेब ताट ठेवून कोपऱ्यातून तुमची पावलं मोजतायत आणि त्यांची टॅली काही लागत नाही. पुन्हा. वन, टू, आणि पाय उचला जरा, आंटीच्या बोटांवर उभे आहात.